वाऱ्याच्या नोंदीत खंड नको

समुद्रात काही शिजू लागले की बातम्यांमध्ये ठरलेल्या क्रमाने शब्द येऊ लागतात. आधी कमी दाबाचे क्षेत्र, मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन आणि शेवटी नाव मिळालेले चक्रीवादळ. ऐकणाऱ्याला वाटते, हे ढगांच्या आकारावरून किंवा पावसाच्या जोरावरून ठरत असावे. पण या पायऱ्या ठरतात वाऱ्याच्या वेगावर. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत १७ ते २७ नॉट म्हणजे डिप्रेशन, २८ ते ३३ नॉट म्हणजे डीप डिप्रेशन आणि ३४ नॉट, म्हणजे ताशी साधारण ६३ किलोमीटर, गाठले की चक्रीवादळ. या आकड्यावर पुढचे सगळे हलते. बंदरात कितव्या नंबरचा बावटा लागणार, तांडेलाने जाळे ओढून परत फिरायचे की आणखी एक रात्र काढायची, भर समुद्रातल्या तेलविहिरींवरची माणसे किनाऱ्यावर आणायची की नाही, हे त्यावर ठरते. मग किनाऱ्यापासून चारशे किलोमीटरवर, जिथे मनोरा नाही आणि वेधशाळाही नाही, तिथला हा आकडा मोजतो कोण?

जहाजांनी मोजावा म्हटले, तर शहाणा कप्तान वादळापासून लांब पळतो. म्हणजे जिथली नोंद सर्वांत मोलाची, नेमकी तिथलीच मिळत नाही. नांगरून ठेवलेली तरंगती यंत्रे आपल्याकडे आहेत आणि चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ती कष्टाने सांभाळते, पण अरबी समुद्राच्या पसाऱ्यात ती मूठभर आहेत. राहिले इन्सॅट मालिकेतले उपग्रह. ते दर अर्ध्या तासाला ढगांचे चित्र पाठवतात आणि ढगांच्या वळणावरून वादळाची ताकद ओळखण्याची ड्वोरॅक पद्धत १९७० च्या दशकापासून जगभर वापरात आहे. अनुभवी हवामानतज्ज्ञाच्या हाती ती चांगली चालते. तरीही तो अंदाजच असतो. वादळ अजून कच्चे असते, ढग विस्कटलेले असतात, तेव्हा त्यांच्याखाली भोवरा नेमका कुठे बसला आहे हे चित्रावरून कळेलच असे नाही. आणि मच्छिमाराला परत बोलवायचे असते ते याच कच्च्या अवस्थेत.

ही उणीव स्कॅटरोमीटर नावाचे रडार भरून काढते. भारताच्या ओशनसॅट-२ वर जे होते त्याचे उदाहरण घेऊ. सुमारे ७२० किलोमीटर उंचीवर एक मीटर व्यासाची तबकडी मिनिटाला वीसेक फेऱ्या घेत खाली सूक्ष्मलहरींचे झोत सोडते. या लहरींची लांबी साधारण सव्वादोन सेंटिमीटर. समुद्र आरशासारखा शांत असेल तर तिरपा पडलेला झोत पुढे निघून जातो आणि तबकडीकडे फारसे काही परतत नाही. वारा सुटला की पाण्यावर बोटभर रुंदीचे शहारे उठतात. त्यांतल्या सुमारे दीड सेंटिमीटर लांबीच्या लहरी झोताशी नेमक्या जुळतात आणि प्रतिध्वनी बळावतो. वारा जितका जोरदार तितके हे शहारे दाट आणि तितका परतीचा संकेत सशक्त. वाऱ्याच्या दिशेने पाहिले तर संकेत एक येतो, वाऱ्याला आडवे पाहिले तर वेगळा. तबकडी फिरत असल्यामुळे पाण्याचा तोच तुकडा दोन झोतांतून, येताना आणि मागे वळून, चार वेळा पाहिला जातो. या चार नोंदी ताडून वेग तर मिळतोच, दिशाही मिळते. उपग्रहाखालचा चौदाशे किलोमीटरहून रुंद पट्टा असा एका फेरीत वाऱ्याचा वेग-दिशा दाखवणाऱ्या बाणांनी भरून जातो, रात्री असो की ढगांखाली. हे बाण ज्याने एकदा नकाशावर पाहिले, त्याला भोवऱ्याचा मध्य कुठे आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

माझे म्हणणे असे, की हे मोजमाप आता विज्ञानाच्या एखाद्या मोहिमेत गणता येणार नाही. ती दीपगृहासारखी सार्वजनिक सेवा आहे आणि दीपगृह जसे अधूनमधून विझवून चालत नाही, तशी हिच्यातही फट पडता कामा नये. एक उपग्रह थकण्याआधी त्याचा वारस कक्षेत हवा. हे क्षेत्र भारताच्या आवाक्यातले आहे, यात आपण जगाच्या पहिल्या रांगेत आहोत आणि तरीही ही फट आपण एकदा नाही, दोनदा पडू दिली. म्हणून हे कळकळीने सांगावेसे वाटते.

या यंत्रांचा इतिहासच खंडांचा आहे. अमेरिकेचा सीसॅट १९७८ च्या जूनमध्ये कक्षेत गेला आणि ऑक्टोबरमध्ये वीजबिघाडाने बंद पडला. तेवढ्या तीन-साडेतीन महिन्यांत त्याने दाखवून दिले की समुद्रावरचा वारा आकाशातून मोजता येतो. युरोपचा ईआरएस-१ त्यानंतर थेट १९९१ मध्ये आला. जपानी उपग्रहावर बसवलेले अमेरिकी यंत्र १९९७ मध्ये दहा महिन्यांतच उपग्रहासकट निकामी झाले. ती पोकळी भरायला घाईने बांधलेला क्विकस्कॅट १९९९ मध्ये कक्षेत पोहोचला आणि तीन वर्षांच्या अपेक्षेने पाठवलेल्या या उपग्रहाने दहा वर्षे काम केले. २३ नोव्हेंबर २००९ रोजी त्याची तबकडी फिरायची थांबली. त्याच्या बारा दिवस आधी, ११ नोव्हेंबरला, फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते. फयानला चक्रीवादळाचा दर्जा मिळणे आणि त्याने किनारा गाठणे यांत एक दिवसाचेही अंतर नव्हते. कोकणातल्या किती घरांनी त्या वेळी माणसे गमावली, हे किनाऱ्यावर सांगावे लागत नाही.

क्विकस्कॅट थांबला तेव्हा जगाचे नशीब असे, की ओशनसॅट-२ दोनच महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबर २००९ रोजी, श्रीहरिकोटाहून निघालेला होता. पुढची चार वर्षे अमेरिका आणि युरोपातल्या संस्था भारतीय नोंदी वापरत होत्या. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सँडी वादळ चालून गेले, तेव्हा नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने दाखवलेल्या त्याच्या वाऱ्याच्या नकाशात ओशनसॅट-२ ची मोजमापे होती. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती आपल्या वर्तमानपत्रांतून पुरेशी सांगितली गेलेली नाही. मग २०१४ च्या फेब्रुवारीत ओशनसॅट-२ चा स्कॅटरोमीटर बंद पडला. पुढचे यंत्र, स्कॅटसॅट-१, २६ सप्टेंबर २०१६ रोजी कक्षेत गेले. मध्ये अडीच वर्षांहून अधिक काळ रिकामा. स्कॅटसॅट-१ ची सेवा २०२१ च्या सुरुवातीला संपली आणि ओशनसॅट-३, म्हणजेच ईओएस-०६, निघाला २६ नोव्हेंबर २०२२ रोजी. पुन्हा दीड वर्षाहून मोठी फट. पहिल्या फटीत हुडहुड वादळ विशाखापट्टणमवर आले आणि २०१५ च्या नोव्हेंबरात चपला आणि मेघ ही दोन तीव्र वादळे आठवडाभराच्या अंतराने अरबी समुद्र ओलांडून गेली. दुसऱ्या फटीत तौक्ते कोकणाच्या कडेकडेने वर सरकले.

आता एक साधा हिशेब मांडावा लागतो. ओशनसॅट-२ चे यंत्र साडेचार वर्षांच्या आसपास चालले. स्कॅटसॅट-१ देखील जवळजवळ तितकेच. तिसरे यंत्र २०२२ च्या नोव्हेंबरात कक्षेत गेले. तेवढेच आयुष्य धरले तर २०२७ चा उन्हाळा येतो, म्हणजे मान्सूनपूर्व वादळांचा हंगाम. यंत्र जास्त टिकेलही, क्विकस्कॅट टिकला तसे. पण टिकेल या आशेवर सेवा उभारता येत नाही. युरोपने हे ओळखले. त्यांचा मेटॉप-ए २००६ मध्ये गेला, बी २०१२ मध्ये, सी २०१८ मध्ये. तिन्ही उपग्रहांची आखणी सुरुवातीलाच एकत्र झाली होती. ए निवृत्त झाला तेव्हा बी आणि सी वर होते आणि पुढच्या पिढीच्या मालिकेतही स्कॅटरोमीटर आहे. त्यांचे यंत्र आपल्यापेक्षा हुशार म्हणून असे झाले नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी वीस वर्षांचा विचार केला, म्हणून झाले.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की युरोपचे बाण आपल्याला मिळतातच, चीनचेही एचवाय-२ मालिकेचे उपग्रह वर आहेत, मग आपण कशाला खर्च करायचा? आक्षेप वजनदार आहे, कारण दोन्ही फटींत आपला हवामान विभाग आंधळा झाला नव्हता. हुडहुडचा अंदाज तर उत्तम होता. पण उत्तर घड्याळात आहे. मेटॉप विषुववृत्त ओलांडतो तो स्थानिक वेळेच्या सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास. त्याच्या दोन्ही अंगांना साडेपाचशे किलोमीटरचा एकेक पट्टा दिसतो आणि मधली जवळपास सातशे किलोमीटरची पट्टी दिसतच नाही. भोवरा त्या मधल्या पट्टीत सापडला तर बारा तास वाट पाहायची. ओशनसॅट दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येतो आणि त्याच्या पट्ट्यात अशी मोठी फट नसते. दोघांच्या नोंदी जोडल्या तरच वाऱ्याच्या वाढीचा आलेख हाती लागतो. ओखी वादळाने हे फार क्रूरपणे शिकवले. २९ नोव्हेंबर २०१७ च्या सकाळी ते श्रीलंकेजवळ डिप्रेशन होते. चोवीस तासांच्या आत, कन्याकुमारीच्या समुद्रात, ते चक्रीवादळ झाले. केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छिमार मृत्यू पावले किंवा परतलेच नाहीत. जी गोष्ट चोवीस तासांत होते, ती बारा तासांनी एकदा पाहणाऱ्याच्या हातून निसटू शकते. शिवाय जागतिक देवघेवीत देणाऱ्याला मान असतो. आपण नोंदी देतो म्हणून इतरांच्या नोंदी वेळेवर मिळण्याचा आग्रह धरू शकतो. फक्त घेणाऱ्याच्या शब्दाला तेवढे वजन नसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो तज्ज्ञांकडून येतो. आजची संगणकीय प्रारूपे इतक्या प्रकारच्या नोंदी पचवतात, की त्यांतून वाऱ्याचा एक उपग्रह वजा केला तरी अंदाज फारसे ढळत नाहीत. अमेरिकेत २००७ मध्ये यावरून मोठा वाद झाला. राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे तेव्हाचे संचालक बिल प्रोएन्झा यांनी जाहीरपणे सांगितले, की क्विकस्कॅट गेला तर वादळाच्या मार्गाचा दोन दिवसांचा अंदाज १० टक्क्यांनी आणि तीन दिवसांचा १६ टक्क्यांनी बिघडेल. त्यांच्याच केंद्रातल्या अनेक अंदाजकारांना हे विधान अतिशयोक्त वाटले, वाद चिघळला आणि त्यांना पद सोडावे लागले. पुढे क्विकस्कॅट खरोखर गेला, पण मार्गाचे अंदाज कोसळले नाहीत. वाऱ्याच्या उपग्रहांची बाजू मांडणाऱ्याने हे झाकून ठेवू नये. पण यातून जो धडा काढला जातो तो चुकीचा आहे. वादळाचा मार्ग प्रामुख्याने वरच्या थरांतल्या वाऱ्यांवर ठरतो आणि तिथली माहिती इतर अनेक साधनांनी मिळते. पाण्याच्या पृष्ठभागावरच्या वाऱ्याचा उपयोग वेगळा आहे. धोकादायक वाऱ्याचा घेर किती मोठा आहे, तो उत्तरेला जास्त पसरला आहे की दक्षिणेला, कच्च्या वादळाचा मध्य कुठे आहे आणि वाऱ्याने कोणता उंबरठा ओलांडला आहे, हे त्यातून कळते. याचा पुरावाही अमेरिकेतलाच आहे. उत्तर अटलांटिक आणि पॅसिफिकमधल्या हिवाळी वादळांसाठी तिथल्या सागरी अंदाज केंद्राने २००० सालच्या अखेरीस हरिकेन इतक्या वाऱ्याचा स्वतंत्र इशारा सुरू केला. असे वारे तिथे आधीही वाहत होते. क्विकस्कॅटमुळे ते नियमितपणे मोजता येऊ लागले, म्हणून त्यांचा इशारा देता आला.

आणि सगळा विषय चक्रीवादळांपुरता धरणेही चूक आहे. केरळच्या किनाऱ्यावर निरभ्र आकाशात, वारा पडलेला असताना, अचानक समुद्र चढतो आणि घरांत शिरतो. तिथे त्याला कल्लक्कडल म्हणतात. ही लाट जन्मते हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, जिथे तीस ते साठ अंश अक्षांशांत वर्षभर वादळी वारे घोंघावतात. तिथून निघालेला फुगवटा काही दिवसांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचतो. त्या भागात जमीन नाही, जहाजे तुरळक, यंत्रे जवळपास नाहीतच. हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र या फुगवट्याचा इशारा आधी देऊ शकते, कारण त्या ओसाड समुद्रावरचा वारा उपग्रहांतून कळतो. लाटांचे कोणतेही गणित शेवटी वाऱ्यापासूनच सुरू होते. मान्सूनचेही तसेच. केरळात पाऊस दाखल झाला हे जाहीर करताना हवामान विभाग फक्त पाऊस पाहत नाही. लक्षद्वीपच्या दक्षिणेला, पाच ते दहा अंश उत्तर अक्षांशांत, सुमारे पाऊण किलोमीटर उंचीवर पश्चिमेचे वारे १५ ते २० नॉटवर पोहोचले आहेत का, हीही अट असते. त्या उंचीवरचा वारा स्कॅटरोमीटर थेट मोजत नाही. पण त्याच्याच पायाशी पाण्यावर जो वारा असतो, त्याची नोंद मिळाली की वरच्या थराचे विश्लेषण भक्कम पायावर उभे राहते. विदर्भातल्या पेरणीचा या समुद्रवाऱ्याशी असा संबंध आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा. इशारे मिळूनही माणसे मरतात, मग आणखी मोजून काय साधणार? १७ मे २०२१ रोजी तौक्तेच्या तडाख्यात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते आणि सत्तरहून अधिक दगावले. हवामान विभागाचे इशारे त्याआधी बरेच दिवस येत होते. तिथे कमतरता उपग्रहाची नव्हती, निर्णयाची होती, आणि हे मान्य करायलाच हवे. पण इशारे का डावलले जातात याचा विचार किनाऱ्यावर उभे राहून करावा. महाराष्ट्राच्या संपूर्ण किनाऱ्यासाठी एकच वाक्य निघते, मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये. तांडेल डिझेल आणि बर्फ भरून तयार असतो. तो थांबतो, आणि दोन दिवस समुद्र गप्प राहतो. हंगामात असे चार-पाच वेळा झाले की पुढच्या इशाऱ्यावर तो विश्वास कसा ठेवणार? खलाशांची रोजी आणि मालकाचे कर्ज दोन्ही त्याच्या डोक्यावर असतात. वाऱ्याचा बाण पंचवीस किलोमीटरच्या दर चौकटीत मिळत असेल, तर इशाराही तितका नेमका करता येतो. श्रीवर्धनसमोर आज रात्री नको, देवगडसमोर उद्या दुपारपर्यंत चालेल, असे सांगता येते. नेमका इशारा रोजी वाचवतो, आणि रोजी वाचवणाऱ्या इशाऱ्यावरच माणूस जीव वाचवायच्या वेळी विसंबतो. ओखीच्या वेळी केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या दोन नौका, एकूण ९५२ माणसे, वादळापुढे हाकलली जात सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागली आणि वाचली. त्यांना समुद्रात असताना कोणीही काही सांगू शकत नव्हते, कारण मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. ही उणीव भरण्यासाठी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एक लाख नौकांवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपॉण्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेला सुरुवात झाली. फार चांगले झाले. पण नौकेवर निरोप पोहोचवण्याची सोय आणि निरोपात सांगण्याजोगी ताजी नोंद, या दोन्ही एकाच वेळी चालू असल्या पाहिजेत.

स्कॅटरोमीटरच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण त्या उपायाकडे बोट दाखवतात. आपल्या यंत्रांची लहर आखूड असल्याने मुसळधार पाऊस तिच्यात गोंधळ घालतो. मेटॉपची लहर लांब, त्यामुळे ती पावसातून बरीच सुटते. फार जोरदार वाऱ्यात संकेत वाढायचा थांबतो, म्हणून तीव्र वादळाच्या डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीतला वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. किनाऱ्याला अगदी लागून जमिनीचा संकेत मिसळतो आणि आपले बहुसंख्य छोटे मच्छिमार नेमके त्याच पट्ट्यात असतात. यातल्या शेवटच्या अडचणीवर वेगळ्या जातीचे, बारीक चित्र काढणारे रडार उपयोगी पडते आणि ती विद्याही इस्रोकडे आहे. कोणतेही एक यंत्र पुरेसे नाही, म्हणूनच यंत्रांचा जथा लागतो आणि जथ्यातला आपला वाटा सतत भरलेला असावा लागतो. नोंदी सलग असण्याचे आणखी एक मोल आहे. तबकडी अडकून निकामी झालेला क्विकस्कॅट २०१८ पर्यंत चालू ठेवला गेला, तो फक्त इतर यंत्रांची मोजमापे ताडून पाहण्यासाठी. त्यात आपले ओशनसॅटही होते. जुने आणि नवे यंत्र काही महिने एकाच वेळी कक्षेत असले की दोघांचे माप जुळवता येते. मध्ये फट पडली की अरबी समुद्रावरचा वारा वीस वर्षांत बदलला की यंत्र बदलले, हे सांगणे अवघड होऊन बसते.

करायचे काय, हे आपणच एकदा करून दाखवले आहे. स्कॅटसॅट-१ हा ३७१ किलोंचा लहान उपग्रह होता, त्यावर वारा मोजण्याचे एकच यंत्र होते आणि पाच-सहा उपकरणांची मोठी मोट बांधण्याची वाट न पाहता तो पाठवला गेला. तसे दोन उपग्रह एकदम बांधावेत. त्यांतला एक, ईओएस-०६ चालू असतानाच, कक्षेत जावा आणि दुसरा जमिनीवर तयार ठेवावा, कारण प्रक्षेपणही फसू शकते. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ फसले आणि ईओएस-०९ त्याच्यासोबत गेला. या दोन उपग्रहांचा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या नेहमीच्या तरतुदीत यावा, हवामान केंद्रांच्या पगारांसारखा आणि रडारांच्या देखभालीसारखा, दर वेळी नव्या मोहिमेची मंजुरी मागावी लागू नये. उपग्रह बांधून उडवायला वर्षे लागतात. २०२७ च्या मे महिन्यात अरबी समुद्र तापलेला असताना आपला बाण नकाशावर हवा असेल, तर तो निर्णय या अर्थसंकल्पात घ्यायला हवा.